थोडा सांबार टाका ना, भाऊ

प्रश्न : ताई, वय २४, नागपूरच्या महाल भागात राहतो. पोह्यांच्या ठेल्यावर 'तर्री जास्त टाका' म्हणायचं तर घसा कोरडा पडतो. मेट्रोत ओळखीचं कोणी दिसलं, की एक स्टेशन आधीच उतरतो. आई म्हणते, लग्न झालं की ठीक होईल.
— एक वाचक

उत्तर : लग्नाचं औषध तूर्त राहू दे रे बाप्पा!

मीही तुझ्यातलीच. कॉलेजात असताना बर्डीच्या बाजारात दुकानदारानं सुटे कमी दिले, तरी मुकाट घरी यायची. तू आधी उतरतोस तेव्हा लगेच हायसं वाटतं ना? घोळ तिथंच आहे. पळालो म्हणून वाचलो, असं मन शिकतं आणि पुढच्या वेळी भीती आणखी मोठी होते. थांबून राहिलं, तर धडधड चढते आणि बहुधा आपोआप उतरते.

म्हणून या आठवड्यात एकच काम. ठेल्यावर म्हण, 'भाऊ, थोडा सांबार टाका.' सांबार म्हणजे आपली कोथिंबीर. मोबाईल खिशात. आवाज कापला तर कापू दे. ठेलेवाल्याचं लक्ष कढईकडे असतं. हेच चार-पाचदा कर, मग मेट्रोचं बघू.

नोकरी, झोप बिघडत असेल तर मात्र मानसोपचारतज्ज्ञाला भेट. हा त्रास ओळखीचा आहे, त्यावर उपचार आहेत. समोर बसून बोलणं जड वाटलं, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर २४ तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. फोनचीही भीती वाटते? मलाही वाटायची. पहिलं वाक्य कागदावर लिहून घ्यायची मी.