कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजमधून भूगोल शिकून नोकरी मिळते का?
मिळते, पण नुसत्या भूगोलावर नाही. सोबत जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशे आणि त्यामागची माहिती हाताळण्याचं तंत्र, शिकलात तर. मी तिथल्याच एका नगरपालिकेत हे काम करतो, भरती जवळून बघतो. जीआयएस टेक्निशियनचा दिवस असा: कोणत्या गल्लीखालून किती इंचाची पाण्याची लाइन गेली, अग्निशमनाचा नळ नेमका कुठल्या कोपऱ्यावर आहे, हे जुन्या कागदी आराखड्यांवरून नकाशात भरायचं. कंटाळवाणं वाटेल, पण शिरकाव इथूनच होतो. वीजकंपन्या, नगररचना विभाग, सर्व्हे करणाऱ्या फर्म यांनाही अशी माणसं लागतात. मुलाखतीला स्वतः केलेले दोन-चार नकाशे न्या. नकाशे बनवायचं क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे, सबब चालणार नाही. मात्र 'जिओग्राफर' हेच पद हवं असेल तर कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षं पुरत नाहीत, किमान बॅचलर्स लागते. तो विचार असेल तर भूगोलाची एए-टी ही ६० सेमिस्टर युनिटची (म्हणजे क्रेडिटची) ट्रान्सफर पदवी, म्हणजे पुढे विद्यापीठात जाण्यासाठीची पदवी, कम्युनिटी कॉलेजातून घ्या. ती किमान २.० जीपीएने, म्हणजे ४ पैकी सरासरी २ गुणांनी, पूर्ण केली की कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत थेट तिसऱ्या वर्षाला जागेची हमी असते; अमुकच कॅम्पस मिळेल याची मात्र नाही.