चकचकीत पाऊच भंगारवाला का घेत नाही?

प्रश्न : आमचा बचत गट कांदा-लसूण मसाला करतो. चंदेरी पाऊचवर त्रिकोणी बाणांची खूण आहे, तरी भंगारवाला तो घेत नाही. आमचं काय चुकलं? (कोल्हापूर)

उत्तर : ताई, तुमचं काही चुकलेलं नाही. पाऊच विकणाऱ्यानंच खुणेचा अर्थ सांगायला हवा होता. त्रिकोणातला आकडा फक्त प्लॅस्टिकची जात सांगतो : १ म्हणजे पेट (पाण्याच्या बाटलीचं प्लॅस्टिक), ५ म्हणजे पॉलीप्रॉपिलीन. असल्या पाऊचवर बहुधा ७ असतो, म्हणजे ‘इतर’. बाहेर पेट, मध्ये अ‍ॅल्युमिनियमची फॉइल, आत पॉलिथीन, आणि सगळं एकमेकांना पक्कं चिकटवलेलं. पॉलिथीन ११० अंशांच्या आसपास वितळतं, पेटला २५० लागतात. एकत्र वितळवलं तर पुन्हा वापरायचा प्लॅस्टिकचा दाणा धड पडत नाही, आणि थर सोलत बसणं कुणालाच परवडत नाही. मग कचरावेचक बाईनं तो उचलायचा कशासाठी? तिला दिवसाची कमाई वजनावर मिळते.

पुरवठादाराला विचारा : बाहेरून बीओपीपी, आतून सीपीपी असा पाऊच मिळेल का? दोन्ही पॉलीप्रॉपिलीनच्याच फिल्म, म्हणजे सगळा पाऊच एकाच जातीचा. वास आणि रंग टिकवायला आतली फिल्म मेटलाइज्ड घ्या. तिच्यावरचा धातूचा लेप फॉइलच्या मानानं अगदीच नगण्य असतो. झिप लावणार असाल तर तीही पॉलीप्रॉपिलीनचीच मागा, हे हमखास राहून जातं. ऑर्डर देण्याआधी वीस पाऊच भरून ठेवा आणि तुमचा माल जितके दिवस दुकानात राहतो तितक्या दिवसांनी उघडून वास घ्या. फॉइलइतकी राखण ही फिल्म करणार नाही, पण दोन-तीन महिन्यांत खपणाऱ्या मसाल्याला फॉइल लागतेच असं मला वाटत नाही.

आणखी एक. ५० ग्रॅमच्या चार पुड्यांऐवजी २०० ग्रॅमचा एकच पाऊच काढा. प्लॅस्टिक कमी लागेल आणि वेचणाऱ्या हाताला तो उचलणं जरा तरी परवडेल. एकाच जातीचा झाला तरी छोटा, छापील पाऊच भंगारात स्वस्तच जातो, हे तुमच्यापासून लपवणार नाही.

प्रश्न : कोकम सिरपसाठी हिरवी पेट बाटली आणि तिला गळ्यापासून बुडापर्यंत श्रिंक स्लीव्ह (उष्णतेनं आवळून बसणारं प्लॅस्टिकचं वेष्टन), असं डिझाइन आलं आहे. चालेल का? (रत्नागिरी)

उत्तर : दोन्ही बदला. पारदर्शक पेटपासून पुन्हा काहीही करता येतं. हिरव्याला गिऱ्हाईक कमी. अमेरिकेत स्प्राइटनं आपली ओळखीची हिरवी बाटली २०२२ मध्ये सोडली, ती याच कारणासाठी.

स्लीव्हचा धोका मोठा आहे. कारखान्यात बाटल्यांचा चुरा पाण्यात टाकतात. पेट बुडतं. पॉलीप्रॉपिलीनचं झाकण तरंगतं, त्यामुळे त्याची चिंता करू नका. पण स्लीव्ह पीव्हीसीची असेल तर तीही पेटसोबत तळाला जाते, आणि पेट वितळवण्याच्या उष्णतेत तिच्यातून आम्ल सुटून सगळा माल नासतो. पॉलीप्रॉपिलीनचं आखूड लेबल लावा, धुण्यात सुटणाऱ्या डिंकानं. उजेडानं कोकमाचा रंग उडतो, म्हणून बाटल्या खोक्यातच ठेवायला दुकानदाराला सांगा. सिरप कढत भरत असाल तर थांबा : साधं पेट ७०-७५ अंशांपुढे मऊ पडून बाटली चेपते.

प्रश्न : चिवड्यासाठी कंपोस्ट होणारी पिशवी घ्यावी का? (नाशिक)

उत्तर : तुमच्या गिऱ्हाइकाच्या गावात ती कुजवायची सोय असेल तरच. त्यातल्या बहुतेकांना औद्योगिक खतप्रकल्पातली, ५५-६० अंशांची ऊब लागते. घरामागच्या खड्ड्यात त्या तशाच पडून राहतात. साध्या प्लॅस्टिकमध्ये मिसळल्या तर त्याचाही दर्जा घसरतो. ‘ऑक्सो-डिग्रेडेबल’ म्हणून कुणी विकायला आलं तर सरळ नाही म्हणा. ते कुजत नाही, त्याचे बारीक तुकडे होतात; युरोपीय संघानं जुलै २०२१ पासून त्याच्यावर बंदीच घातली आहे.

प्रश्न : मग काचच बरी ना? (पुणे)

उत्तर : बाटली परत येऊन, धुऊन पुन्हा भरली जात असेल तर नक्की. एकदाच वापरायची असेल तर नाही. काच पेटच्या कितीतरी पट जड, ती वितळवायला १,४०० अंशांच्या पुढची भट्टी, आणि पुण्याहून नागपूरपर्यंत ट्रकमध्ये ते वजन वाहायचं. तुमची विक्री शहरातल्याच पंधरा-वीस दुकानांत असेल तर अनामत ठेवून बाटल्या परत घ्या. मी तरी तेच करीन.