वडिलांची वही आणि ‘घाणेरडी वस्त्रे’

प्रश्न : मी कॉलेजात असताना ख्रिस्ती विश्वासात आले, वडील शेवटपर्यंत आले नाहीत. त्यांनी आयुष्यात ६३ वेळा रक्तदान केलं. तारखा लिहिलेली वही ते गेल्यावर कपाटात सापडली. बायबल अभ्यासगटात मी हे सांगितलं, तर एकजण म्हणाले, ‘तारणाआधीची सगळी कृत्यं देवापुढे घाणेरड्या वस्त्रांसारखी.’ तारण, म्हणजे पापापासून सुटका, होण्याआधी माणसाच्या हातून काहीच चांगलं होत नाही का?

उत्तर : ताई, ते वचन मीही फेकून मारलेलं आहे. पाळक म्हणून नवा होतो, पाऊण तास उपदेश केला आणि सगळ्या बाहेरच्यांच्या पुण्याईची वस्त्रं धुऊन काढली. नंतर एक म्हातारे गृहस्थ जवळ आले आणि एवढंच म्हणाले, ‘पास्टर, ते वाक्य कोण म्हणतंय, बघा जरा.’ घरी येऊन बायबलमधल्या यशया या पुस्तकाचा ६४वा अध्याय उघडला, ते वचन तिथलं. ती पश्चात्तापाची प्रार्थना आहे आणि तिथे शब्द आहे ‘आम्ही’. देवाचे म्हणवणारे लोक स्वतःबद्दल बोलताहेत. शेजाऱ्याच्या वडिलांबद्दल नव्हे.

आता मूळ प्रश्न. बायबल अशा कृत्यांना सरळ चांगलं म्हणतं. येशूचा प्रेषित पौल याचं जहाज फुटलं, तेव्हा मिलिता बेटावरच्या लोकांनी पावसात नि थंडीत शेकोटी पेटवून सगळ्यांना जवळ केलं. त्यांना येशूची सुवार्ता ठाऊक नव्हती, तरी ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक लिहिणारा लूक त्यांच्या ममतेची आवर्जून नोंद करतो. रोमकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल म्हणतो की, ज्यांच्याकडे यहुद्यांना मिळालेलं देवाचं नियमशास्त्र नाही तेही त्यातल्या गोष्टी स्वभावतः करतात, कारण ते त्यांच्या अंतःकरणात लिहिलेलं आहे.

मग भांडण कशावरून? मंडळ्यांत ते जुनंच आहे. १५४७ साली रोमन कॅथलिकांच्या ट्रेंटच्या परिषदेने ठरवलं की, माणूस देवापुढे नीतिमान ठरण्याआधीची सगळी कृत्यं पापच आहेत, असं म्हणणं चूक. अँग्लिकन (इंग्लंडच्या) मंडळीच्या ३९ श्रद्धा-कलमांतलं तेरावं नेमकं उलट बोलतं : ती कृत्यं विश्वासातून उगवलेली नसतात, म्हणून देवाला आवडत नाहीत, त्यांचं स्वरूप पापाचंच असतं. १६४६ चा वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकार, म्हणजे प्रेस्बिटेरियन मंडळ्यांचं श्रद्धेचं निवेदन, मला जास्त प्रामाणिक वाटतो. तो मान्य करतो की अशी कृत्यं देवाच्या आज्ञेप्रमाणे असू शकतात, करणाऱ्याच्या आणि इतरांच्या उपयोगी पडतात. पण ती शुद्ध झालेल्या अंतःकरणातून आणि देवाच्या गौरवासाठी झालेली नसल्याने पापमयच राहतात. आणि लगेच जोडतो की, ती न करणं हे त्याहून मोठं पाप! तुमच्या गटातल्या गृहस्थांनी हे शेवटचं वाक्य वाचलं नसावं.

माझं मत मी ‘प्रेषितांची कृत्ये’मधल्या कर्नेल्यावरून बनवलं. कैसरियातला रोमी शताधिपती, बाप्तिस्मा झालेला नाही. देवदूत त्याला सांगतो, तुझ्या प्रार्थना आणि दानधर्म देवापुढे पोचले आहेत, त्याला त्यांची आठवण आहे. घाणेरडी वस्त्रं म्हणत नाही. पण तेवढ्यावर थांबतही नाही. यापो गावी माणसं पाठव, येशूचा प्रेषित पेत्र याला बोलाव, असं सांगतो. त्याच पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात कारण कळतं : ज्या गोष्टींनी तुझं नि तुझ्या घराचं तारण होईल, त्या तो तुला सांगेल. म्हणजे दानधर्म देवाने पाहिला, तो त्याला आवडला, आणि तरीही कर्नेल्याचं तारण अजून व्हायचं होतं. आपण यातलं एक टोक पकडतो आणि दुसरं सोडतो. इफिसकरांस पत्रातला क्रमही तसाच : आधी कृपा, ती कृत्यांनी मिळत नाही, मग सत्कृत्यं, ज्यांसाठी आपल्याला घडवलं. क्रम उलटा केला की कृत्यं किंमत म्हणून पुढे केली जातात, आणि देव ती किंमत म्हणून घेत नाही. मंडळीत येणाऱ्यांनीही हे विसरू नये. माझ्या उपदेशांची वही पुढे केली तरी उत्तर तेच.

त्या ६३ तारखांनी तारण विकत घेता येत नाही, हे मी तुम्हाला गोड करून सांगणार नाही. पण ज्याला रक्त मिळालं, त्याच्यासाठी ते चांगलंच होतं, आणि देणाऱ्याच्या हातात ते चांगलं देवानेच ठेवलं होतं. वडिलांचा निवाडा गटाकडे नाही, माझ्याकडेही नाही. वही जपून ठेवा. फक्त अभ्यासगटात नेऊ नका; त्यांनी ती वाद जिंकायला लिहिली नव्हती.