घड्याळाच्या कंपनीचा परफ्यूम: खरंच तिचाच असतो का?

प्रश्न असा आहे की महागडी घड्याळं बनवणारी कंपनी परफ्यूम काढते, तेव्हा तो ती स्वतः बनवते का, आणि घ्यावा का.

बहुतेकदा स्वतः बनवत नाही. सुगंधाचं सूत्र जिवोदां, डीएसएम-फर्मेनिक, आयएफएफ अशा सुगंध बनवणाऱ्या कंपन्यांचे परफ्यूमर लिहितात. घड्याळवाले त्यांना एक टिपण देतात, त्याला धंद्यात 'ब्रीफ' म्हणतात: गिऱ्हाईक कोण, वास कसा हवा, आणि अर्काचा किलोमागे भाव किती. हा शेवटचा आकडा सगळ्यात बोलका. तो खाली ओढला की बाटली कितीही देखणी असो, आतलं पातळ निघतं.

फरक पडतो तो करारात. मॉंब्लाँ पेनं आणि घड्याळं बनवते, पण २०१० पासून तिच्या नावाने परफ्यूम काढण्याचा परवाना इंटरपरफ्युम्स या फ्रेंच परफ्यूम कंपनीकडे आहे. तिचा २०११ चा परफ्यूम 'लेजंड' जिवोदांच्या ओलिविए पेशो यांचा. दागिने-घड्याळांच्या कार्तिएचा रस्ता वेगळा: पहिले परफ्यूम 'मस्ट' आणि 'सांतोस' १९८१ चे, आणि २००५ पासून मातिल्द लोराँ ही घरचीच परफ्यूमर. ('सांतोस' हे नाव १९०४ च्या घड्याळाचं, म्हणजे नावाचं भांडवल आधीच तयार.) आपल्या टायटनने २०१३ मध्ये 'स्किन' काढला तो मधल्या वाटेने: नाव आणि दुकानं स्वतःची, सूत्रं आल्बेर्तो मोरियास यांच्यासारख्या बाहेरच्या परफ्यूमरांची. माझ्या मते घरचा परफ्यूमर असला की वास जास्त धीट असतो, पण परवान्यावरचा वाईटच असतो असं नाही.

घड्याळवाले या भानगडीत पडतात कशाला? एक घड्याळ वीस वर्षं टिकतं. १०० मिलीची बाटली, एका फवाऱ्यात साधारण ०.१ मिली, म्हणजे हजारेक फवारे. रोज पाच मारले की दोनशे दिवसांत गिऱ्हाईक परत दारात.

'ओ द पारफां' (परफ्यूमचा एक दाट प्रकार, बाटलीवर तसं लिहिलेलं असतं) यात अर्क साधारण १५ ते २० टक्के, बाकी मुख्यतः अल्कोहोल आणि थोडं पाणी. मिश्रण काही आठवडे मुरवतात, मग थंड करून गाळतात. इथे घाई केली तर थंडीत मेणचट कण सुटतात आणि बाटली गढूळ दिसते. व्हॅनिलाचा अंश असलेला परफ्यूम मात्र वर्षभरात तपकिरी झाला तरी घाबरू नका, तो व्हॅनिलिनचा स्वभाव आहे. लिंबूवर्गीय वास उन्हात आणि उष्णतेत आंबट, भिंतीला लावायच्या रंगाच्या वासासारखा होतो; तो खरोखर गेला.

घेताना खोक्याची मागची बाजू वाचा: उत्पादक आणि आयातदार कोण, बनवल्याचं महिना-वर्ष काय. कागदी पट्टीवर आवडला म्हणून घेऊ नका. मनगटावर मारून तीन-चार तास थांबा, खालचे लाकडी-कस्तुरी थर तेव्हा उघडतात.

आणि ज्या मनगटावर घड्याळ बांधता तिथे पट्ट्यावरच फवारू नका. अल्कोहोलने चामड्याचा रंग उडतो, डाग पडतात, तेल शिलाईत मुरून पट्टा कडक होतो. आधी फवारा, दोन मिनिटं सुकू द्या, मग घड्याळ चढवा. किंवा कोपराच्या आतल्या बाजूला मारा. बाटली न्हाणीघरात नको. खोक्यात घालून कपाटात ठेवा.