तुमचे प्रश्न : पैसे कमी, पण हॉरर टोकाचा करायचाय

मागच्या अंकात आम्ही टोकाच्या हॉररबद्दल प्रश्न मागवले होते, म्हणजे ज्यात रक्त, जखमा, छळ सगळं कॅमेऱ्यासमोरच होतं तशा फिल्म. भरपूर पत्रं आली. मी अशा फिल्म स्वतःच्या खिशातून आणि मित्रांकडून उसने घेऊन करत आलोय, तेव्हा जे स्वतः करून बघितलंय त्यावरूनच उत्तरं देतोय.

प्रश्न : आम्ही चौघं मित्र, एक कॅमेरा, आणि पैसे अगदी थोडे. स्क्रिप्टमधे ११ खून आहेत. पैसे कशावर घालायचे?

आधी अकराचे दोन करा. वाईट वाटेल, मलाही वाटलं होतं, पण रक्ताला पैसे कमी लागतात, वेळ फार लागतो. साधा गळा कापायचा शॉट घ्या. टेक झाला, नीट नाही आला, परत घ्यायचाय, तर नटाचे केस धुवा, मान पुसा, खोटी जखम परत चिकटवा, शर्ट बदला, फरशी पुसा आणि मागच्या भिंतीवर उडालेले थेंब शोधून शोधून पुसा, कारण त्यातला एक जरी राहिला तरी एडिटला बसल्यावर तोच दिसत राहतो. आमचं हे सगळं ५० मिनिटांच्या आत कधीच उरकलं नाही. म्हणजे दिवसाला असे पाच-सहा टेक झाले तर डोक्यावरून पाणी. अकरा खुनांचं गणित तुम्हीच मांडून बघा.

म्हणून एकच जखम अशी निवडा की फिल्म बघून आलेला माणूस तिच्याबद्दलच बोलेल, आणि वेळ, पैसा, सगळं तिच्यावर घाला. एकाच मापाचे, एकाच रंगाचे तीन शर्ट आणा. त्या खोलीतले सगळे कोरडे शॉट आधी संपवा, रक्त एकदम शेवटी.

रक्त घरीच करा. कॉर्न सिरप (मक्याचा घट्ट गोड पाक) आणि खायचा लाल रंग, पण एवढ्यावर ते सरबतासारखं गुलाबी दिसतं, त्यामुळे त्यात निळ्याचा एखादा थेंब किंवा थोडी कोको पावडर टाका. डिक स्मिथ हा मेकअपमधला फार मोठा माणूस, त्याच्या रक्ताच्या फॉर्म्युल्यात फोटो-फ्लो नावाचं फिल्म धुताना वापरायचं केमिकल होतं, त्याने रक्त कातडीवर खरं वाटेल असं पसरतं, पण ते विषारी आहे, तोंडात गेलेलं चालत नाही. कपड्यांवरचं रक्त धुवायला सोपं जावं म्हणून लोक साबण घालतात, तेही तोंडात नको. त्यामुळे रक्त दोन प्रकारचं ठेवा, तोंडातलं वेगळं आणि बाहेरचं वेगळं, आणि बाटल्या वेगवेगळ्या आकाराच्या घ्या. नुसती चिठ्ठी चिकटवून भागत नाही, रात्री तीन वाजता अंधारात चिठ्ठी कोण वाचतंय, हाताला आकार लागला पाहिजे.

आणि ज्या लाईटमधे शूट करणार आहात त्याच लाईटमधे रक्ताची टेस्ट घ्या. १९६८ च्या 'नाईट ऑफ द लिव्हिंग डेड'मधे रक्त म्हणून चॉकलेट सिरप चाललं कारण ती फिल्म ब्लॅक अँड व्हाईट होती. आम्ही दिवसा उजेडात मस्त गडद रक्त केलं आणि रात्री पिवळ्या बल्बखाली ते चक्क नारिंगी दिसलं, अख्खी रात्र वाया.

उरलेले पैसे आवाजावर. चित्र जरा मळकट असलं तर हॉररमधे लोक चालवून घेतात, पण संवाद घुमत असतील, मागे पंख्याची घरघर असेल तर भीती गेलीच म्हणून समजा. हाड मोडल्याचा आवाज ओल्या फडक्यात गाजर गुंडाळून पिळलं की मिळतो. कोबीचा गड्डा सावकाश उकला, माईक अगदी जवळ धरा, आणि तो आवाज बंद दाराच्या शॉटवर लावा. आत काहीच दाखवायला लागत नाही.

प्रश्न : मोबाईलवर शूट केलं तर चालेल का?

चालेल. फोकस आणि एक्सपोजर लॉक करून ठेवा, नाहीतर सीन ऐन रंगात असताना चित्र आपोआप उजळतं-अंधारतं. सावलीतला अंधार मोबाईलमधे पिठासारखा दाणेदार येतो, तेव्हा खोली नुसती काळोखी करू नका, एक दिवा कडेने मारा आणि बाकीचं काळं राहू द्या.

प्रश्न : आमच्या फिल्ममधे खुर्चीला बांधून छळ करण्याचा मोठा सीन आहे. जी मुलगी तो करणार होती ती आता मागेपुढे करतेय. बाकीचे म्हणतात ती प्रोफेशनल नाही, दुसरी बघ. काय करू?

तिच्याशी बोला, आणि बाकीच्यांना त्या खोलीतून बाहेर पाठवून बोला. ती मागेपुढे करतेय याचा अर्थ तिने सीन नीट वाचलाय. मी उलट ज्या नटाने एकही प्रश्न न विचारता हो म्हटलं त्याची जास्त काळजी करतो.

माझ्या दुसऱ्या फिल्मच्या वेळचं सांगतो. असाच सीन होता, तोंडाला पट्टी, हात मागे बांधलेले. नटी ओरडत होती, रडत होती, मी मॉनिटरसमोर बसून मनात म्हणतोय की काय जबरदस्त करतेय. तिचा उजवा हात खुर्चीच्या पाठीवर आपटत होता, मला वाटलं तिने स्वतःहून सुचवून केलंय. कट म्हटल्यावर कळलं की पट्टी सरकून नाकावर आली होती आणि ती खरंच श्वासासाठी धडपडत होती. जेमतेम वीस सेकंद असतील. ती बरी होती, पाणी प्यायली, मला काही बोललीसुद्धा नाही. तो टेक माझ्या फिल्ममधे नाही. मी तो परत बघितलेला नाही.

त्या दिवसापासून आमच्याकडे असं चालतं. ज्याला बांधायचं त्याच्या हातात काहीतरी द्यायचं, बॉल, किल्ली, काहीही. हातातून ते पडलं की सीन थांबला, कुणीही विचारायचं नाही का म्हणून, कारण तोंड बंद असलेल्या माणसाला शब्द ठरवून देऊन काय उपयोग. दोरी खरी आवळायचीच नाही, कॅमेऱ्याला दिसते ती बाजू घट्ट आणि मागची गाठ एका झटक्यात सुटणारी. बोथट टोकाची कात्री एका माणसाच्या हातात, त्याने दुसरं काहीच करायचं नाही. आणि कट म्हणायचा हक्क दिग्दर्शकाशिवाय अजून एकाला असलाच पाहिजे, असा माणूस ज्याला शॉट कसा येतोय याच्याशी देणंघेणं नाही. दिग्दर्शक त्या क्षणी शॉटच्या प्रेमात असतो, त्याला दिसत नाही, मला दिसलं नव्हतं.

कपडे काढणं किंवा लैंगिक हिंसा असेल तर कुठे हात लागणार, किती दिसणार हे सगळं आधी कागदावर लिहा, दोघांनी वाचून सही करा, आणि सेटवर त्यात वाढ करायची नाही, तिथल्या तिथे तिने हो म्हटलं तरी नाही, कारण वीस माणसं ताटकळत उभी असताना नाही म्हणणं फार अवघड असतं. खोलीत गरजेपुरतेच लोक. सीन संपला की तिला लगेच घरी पाठवू नका, रक्त धुवू दे, गरम काहीतरी प्यायला द्या, आणि ज्याने छळ करणाऱ्याचं काम केलं त्याच्याकडेही बघा, तोही हललेला असतो.

एवढं सगळं ठरवून झाल्यावरही ती नको म्हणाली तर सीन बदला. तिला वाईट ठरवून दुसरीला तेच करायला लावू नका.

प्रश्न : हाताचा साचा घेऊन तुटलेला हात बनवायचाय. घरी जमेल?

जमेल, पण अंगावर थेट प्लास्टर ऑफ पॅरिस ओतू नका. ते घट्ट होताना तापतं, जाड थरात हात अडकला तर कातडी भाजते. अल्जिनेट वापरा, दातांचे डॉक्टर दातांचं माप घेतात तेच, आणि त्यातून हात बाहेर आला की त्या पोकळीत प्लास्टर ओता. खोट्या जखमांसाठी लेटेक्स, म्हणजे पातळ रबर, वापरणार असाल तर त्याची काहींना ॲलर्जी असते, म्हणून आदल्या दिवशी हातावर थोडं लावून बघा. जिलेटिनच्या जखमा स्वस्त आणि दिसायला सुंदर, पण गरम लाईटखाली वितळतात, तेव्हा दोन-तीन जास्तीच्या करून थंड ठेवा.

प्रश्न : आमचं फुटेज इतकं खरं दिसतंय की बघणारे घाबरतात. यातून भानगड होऊ शकते का?

होऊ शकते. १९८० ची 'कॅनिबल होलोकॉस्ट' आली तेव्हा दिग्दर्शक रुजेरो देओदातोवर इटलीत केस झाली, त्याने नटांना खरंच मारलं असा संशय होता. नट जिवंत आहेत हे त्याला दाखवावं लागलं, आणि सुळावर दिलेली बाई कशी उभी केली होती हेही समजावून सांगावं लागलं. त्याच फिल्ममधे प्राणी मात्र खरंच मारलेत. ती कितीही महत्त्वाची फिल्म असली तरी ते मला मान्य नाही, आणि तुम्ही तसलं काही करत असाल तर मला पुढचं पत्र पाठवू नका.

तुम्ही एवढं करा. प्रत्येक इफेक्टचं मेकिंग शूट करून ठेवा, नट हसत जखम चिकटवून घेतोय वगैरे. शूटच्या आधी आजूबाजूला आणि पोलिसांना कळवा, रात्री किंकाळ्या ऐकून कुणीतरी फोन करणारच. चाकू, बंदुका खोट्या असल्या तरी उघड्यावर घेऊन फिरू नका. गोळीबार असेल तर चालणारं शस्त्र सेटवर येऊच देऊ नका, बंदुकीच्या तोंडचा जाळ एडिटमधे टाकता येतो.

प्रश्न : फिल्म झाल्यावर हातात काय ठेवायचं?

कागद. सगळ्या नटांच्या, संगीतकाराच्या, लोकेशनच्या मालकाच्या सह्या. वर ज्या १९६८ च्या फिल्मचं नाव घेतलं तिचं नाव रिलीजआधी बदललं, आणि नवीन टायटल लावताना कॉपीराइटची ओळ राहून गेली. तेव्हाच्या अमेरिकन कायद्याने ती फिल्म सगळ्यांचीच झाली, कुणीही दाखवावी, कुणीही विकावी. हक्क गेला तो असा.

दोन कट करून ठेवा, एक पूर्ण आणि एक सौम्य, कारण बऱ्याच प्लॅटफॉर्मना पूर्ण कट चालणार नाही आणि त्यांच्या घाईत कापलं की फिल्म भोसकल्यासारखी दिसते. पैसेच नसतील तर आधी दहा मिनिटांची शॉर्ट करा. 'द इव्हिल डेड' या हॉरर फिल्मसाठी दिग्दर्शक सॅम रेमी आणि त्याच्या मित्रांनी आधी एक शॉर्ट फिल्म बनवली आणि ती दाखवून पैसे गोळा केले.

प्रश्न : जखम किती वेळ दाखवायची? आमच्यात यावरून रोज भांडण होतं.

टोकाचा हॉरर करायचा तर दाखवायला हवं, मी लपवा म्हणणाऱ्यातला नाही. पण डोळा फार लवकर सरावतो. पहिल्या सेकंदाला जखम दिसते, तिसऱ्याला खोट्या जखमेच्या सिलिकॉनची कड दिसायला लागते. माझ्या शेवटच्या फिल्ममधे बोट तुटतं, तो शॉट मी नऊ सेकंद ठेवला होता, महिनाभर खपून बनवलेलं बोट, मला कापवत नव्हतं. एडिटर मैत्रिणीने तो अडीच सेकंदांवर आणला आणि उरलेल्या वेळात टॉर्च धरून उभ्या असलेल्या भावाचा चेहरा लावला. त्याच्या हातातला टॉर्च हलायला लागतो आणि भिंतीवरचा उजेड थरथरतो, आवाज मात्र बोटाचाच चालू. तिथे थिएटरमधे एक माणूस उठून बाहेर गेला. तुमच्या भांडणात दोघांनाही आपापला कट बसवू द्या, आणि तो अशा माणसाला दाखवा ज्याला ती जखम कशी बनवली हे माहीत नाही.