हाय फ्यूज ९९ लिहिला की ५९, ते आधी बघा

भाऊ, तुमची अडचण लगेच ओळखली. केळीच्या ठिबकसाठी पंपाचा टायमर, अर्डुइनो उनो बोर्डाचा प्रोग्रॅमर करून एटमेगा३२८पी ही मायक्रोकंट्रोलर चिप छान लिहिली जात होती, मग डीबगिंगसाठी (प्रोग्रॅममधली चूक शोधायला) फ्यूज, म्हणजे चिपच्या आतल्या सेटिंगचा आकडा, बदलला आणि आता सिग्नेचर (चिपचा ओळख-क्रमांक) म्हणून नुसती शून्यं. उनोच्या पिन १० ते १३ च्या वायरी पुन्हा तपासू नका. काल चालत होत्या, तर आजही बरोबर आहेत.

हाय फ्यूजला आकडा कोणता लिहिलात? फ्यूजचा हिशोब उलटा असतो, ० म्हणजे चालू. कारखान्यातून डी९ येतो (हेक्साडेसिमल आकडा), म्हणजे बायनरीत ११०१ १००१. उजवीकडून शून्यापासून मोजत सहावा बिट डीबगवायरचा (रीसेटच्या एकाच तारेवरून डीबग करायची सोय), तो शून्य केला की ९९. एक घर चुकून सातवा शून्य केला की ५९, आणि मग रीसेटचा पाय साधा इनपुट-आउटपुट होतो. आयएसपी (प्रोग्रॅमरने चिप लिहायची नेहमीची पद्धत) गेलं, डीबगवायरही गेलं. माझं सगळ्यात जास्त नुकसान याच एका घराने केलं.

५९ असेल तर रीसेटवर ११.५ ते १२.५ व्होल्ट देऊन पॅरलल पद्धतीनेच लिहावं लागतं. आठ डेटा लाईनी, वर कंट्रोलच्या वेगळ्या. एका चिपसाठी मी तरी हा खटाटोप करणार नाही. करायचाच असेल तर चिप बेसमधून काढून ब्रेडबोर्डवर करा, बोर्डावर बारा व्होल्ट सोडू नका.

९९ असेल तर चिप जिवंत आहे. सप्लाय एकदा बंद-चालू झाला की डीबगवायर रीसेटचा ताबा घेतं, म्हणून आयएसपी गप्प. उनोवर डीडब्ल्यू-लिंक (उनोला डीबगर बनवणारा प्रोग्रॅम) टाका, उनोची ८ नंबरची पिन चिपच्या पाय १ ला, ९ नंबरची चिपच्या सप्लायला, ग्राउंड एकत्र. ११, १२, १३ आहेत तशाच. डीबगवायर बंद करायची सोय त्यातच आहे.

इथे घोळ होतो तो कपॅसिटरचा. डीडब्ल्यू-लिंक टाकून झाल्यावर उनोच्या रीसेट आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरड हवा, नाहीतर पोर्ट उघडताच उनो स्वतःच रीसेट होते. पण चिपच्या रीसेटवर एकही कपॅसिटर नको, १०० नॅनोचासुद्धा. त्याच एका तारेवर दोन्हीकडचं बोलणं चालतं. तिथे फक्त १० केचा पुलअप (सप्लायला जोडलेला रेझिस्टर).

यापुढे हा फ्यूज हाताने लावूच नका. डीबगर स्वतः लावतो, काढतोही. बोर्डाला सप्लाय दुसरीकडून असेल तर तो सांगेल तेव्हा बंद-चालू तेवढा तुम्ही करायचा.

अजून एक. काउंटरवरचे काही महाभाग ‘पी’ नसलेली ३२८ ‘एकच आहे’ म्हणून देतात, परत घ्यायला तयार नसतात. सिग्नेचर बघा: पीची १ई ९५ ०एफ, दुसरीची १ई ९५ १४. प्रोग्रॅमरला जबरदस्ती करायला लावू नका, चिपचं खरं नाव द्या.

ब्रेकपॉइंट (प्रोग्रॅम थांबवायच्या जागा) फ्लॅशमध्ये, म्हणजे चिपच्या प्रोग्रॅम मेमरीत, लिहिले जातात आणि फ्लॅशची हमी १०,००० वेळांची, तेव्हा प्रयोगाची चिप वेगळी ठेवा. डीबग करताना पंपाचा कॉन्टॅक्टर बंद. हे सगळं ३२८पीपुरतं. एटमेगा१६ आणि ३२ ला जेटॅग (डीबगिंगची वेगळी पद्धत) आहे, तिथे यातलं काही चालणार नाही.

टायमर शेतात बसवण्याआधी फ्यूज परत डी९ करा. ९९ राहिला तर झोपेतही क्लॉकचा काही भाग चालू राहतो आणि बॅटरी विनाकारण उतरते.