सांगलीत दाखवू की थेट पुण्याला?

तुम्ही विट्याचे. भाऊ एकोणीस वर्षांचा, चार महिने धड खोलीबाहेर येत नाही, आणि घरचे म्हणतायत, "दाखवायचं तर पुण्यालाच, इथं कोण आहे?" तुमच्या प्रश्नातलं ते 'इथं कोण आहे' वाचलं आणि चहा बाजूला ठेवून लिहायला बसलो. हेच वाक्य माझा मेव्हणा माझ्याच सोप्यात बसून बोलला होता.

आमचं गाव तासगाव तालुक्यात, दोन एकर द्राक्षबाग. पोरगं मेडिकलच्या प्रवेशाची 'नीट' परीक्षा रिपीट करायला पुण्यात होतं. दिवाळीला आलं ते परत गेलंच नाही. रात्रभर जागं, दिवसभर भिंतीकडं तोंड. नारळ-लिंबू सगळं झालं, ते लिहीत बसत नाही. मग मेव्हणा आला. "दाजी, हे तालुक्याचं काम नव्हे," म्हणाला आणि स्वतःच्या गाडीतनं घेऊन गेला. डॉक्टर नावाजलेले होते, वाईटही नव्हते. गोळ्या दिल्या, महिन्यानं बोलावलं. या गोळ्यांचा गुण दिसायला दोन-चार आठवडे जातात. तो दिसायलाही लागला होता, पोरगं जेवायला खाली यायला लागलं.

पण तिसरी तारीख आली नेमकी फेब्रुवारीत. त्या वर्षी फुलोऱ्यात पाऊस लागून बसला होता, निम्मे घड कुजून गेले. उरलेला माल बेदाण्याला घातला होता आणि शेडवर माल टाकायचा दिवस तोच. मजूर ठरलेले, गाडी ठरलेली. दोनशेच्या वर किलोमीटर जायचं, यायचं, म्हणजे दीड दिवस गेला. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात जाऊ. तोवर गोळ्या संपल्या. जुन्या चिठ्ठीवर मेडिकलवाल्यानं दिल्या नाहीत, आणि बरोबरच केलं त्यानं. नऊ दिवस गोळी नाही. चक्कर, घाम, चिडचिड. एका रात्री त्यानं ताट भिंतीवर फेकलं. चूक माझीच होती, कबूल. पण मेव्हण्याला विचारतो, दर महिन्याला दीड दिवस कुठल्या बागायतदाराला परवडतो?

दहाव्या दिवशी मोटरसायकलवर मागं बसवून सांगलीला नेलं, सरकारी दवाखान्यात. केस पेपर काढला, रांगेत बसलो. शेजारचाच एक गाववाला भेटला, "कुणाला दाखवायला?" मी म्हटलं, "मलाच, झोप येत नाही." जवळच्या दवाखान्याचा हा एक त्रास आहे, तो लपवत नाही.

डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा बसवल्या आणि समुपदेशक ताईंकडं पाठवलं. मी पोराबरोबर आत जाऊन बसलो. त्यांनी त्याला विचारलं, बाबा काय करतात? बाग आहे म्हणाला. पुण्यातही हेच विचारलं होतं. तिथं बाग म्हटल्यावर "अरे वा" झालं आणि विषय संपला. या ताईंनी विचारलं, "फुलोऱ्यात पाऊस लागला का तुमच्याकडं? घड किती राहिले?" पोरानं मान वर केली. मग त्या मला म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर बसा." पाऊण तास आत होतं पोरगं.

आत काय झालं ते ताईंनी मला कधीच सांगितलं नाही. दोन महिन्यांनी शेडवर बेदाणा झाडताना पोरगंच बोललं. क्लासची फी मी सोसायटीच्या कर्जातनं भरली होती, ते त्याला माहीत होतं. दिवाळीला घरी आला आणि सकाळी बागेत कुजलेले घड बघितले. त्या दिवसापासनं पुस्तक उघडलं की घडच दिसायचे, म्हणाला. मी त्याला कर्जाबद्दल एका शब्दानं बोललो नव्हतो. हेच चुकलं बहुतेक.

चौथ्या खेपेपासनं तो एकटाच जायला लागला, सकाळच्या एसटीनं. तासगाव ते सांगली तासाभराचा रस्ता. दाखवून, गोळ्या घेऊन दुपारच्या जेवणाला घरी. पुण्याला एकटा पाठवला असता का मी? मेव्हणा अजून लग्नकार्यात सांगत फिरतो, "आम्ही पुण्यात दाखवलं म्हणून बरा झाला." दोन तारखांत? असू दे.

आता तुमचं. 'इथं कोण आहे' चं उत्तर हे, की मिरजेला १९६२ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तिथं मानसोपचार विभाग आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून चालू आहे, तो याच कामासाठी. दहा ते एकोणीस वयाच्या पोरांसाठी सरकारी दवाखान्यांत 'मैत्री' क्लिनिक असतात, ग्रामीण रुग्णालयात विचारा. भाऊ दवाखान्यात यायलाच तयार नसेल तर १४४१६ ला आधी तुम्ही फोन करा. टेली-मानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलतात. आम्ही रात्री दोनला केलाय.

हे सगळं लिहिलं म्हणून पुणं वाईट असं नाही. लहान मुलांचा खास मानसोपचारतज्ज्ञ हवा असेल तर मोठ्या शहरात जावं लागतं, आमच्या शेजाऱ्यांना लागलं. आणि भाऊ मरायच्या गोष्टी बोलत असेल किंवा कानात आवाज येतात म्हणत असेल, तर सांगली का पुणे हा वादच घालू नका. आजच्या आज जवळच्या मोठ्या दवाखान्यात न्या, एकटं सोडू नका. घरातलं फवारणीचं औषध कुलपात घाला, मी घातलं होतं. गोळ्या मात्र माझ्यासारख्या मध्येच तुटू देऊ नका, आठवडाभराच्या शिल्लक असतानाच पुढची चिठ्ठी आणा.

सकाळी लवकर निघा, दुपारनंतर ओपीडीत कुणी भेटत नाही. आणि तुम्ही आत बसू नका, बाहेर बाकावर बसा.